चौथीच्या पोरांना मोबाईलचं शहाणपण कसं शिकवायचं, न घाबरवता?

खडूची धूळ
नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे तिसरी-चौथी मिळून २२ पोरं. स्वतःचा फोन कुणाकडेच नाही, पण संध्याकाळी बाप रानातून आला की त्याचा फोन यांच्या हातात, आणि पॅटर्न लॉक बापापेक्षा पोरालाच जास्त पाठ.

गेल्या आठवड्यात झालं असं की चौथीतली एक मुलगी लंगडी खेळताना पडली, रडायला लागली आणि कुणाच्या तरी मोठ्या भावाने तिथंच फोटो काढला. दुसऱ्या दिवशी त्याचा स्टिकर झालेला, खाली 'मम्मीईई' लिहून, आणि तो फिरला कुठे तर पालकांच्याच ग्रुपवर, दोन-तीन मोठ्या माणसांनी हसायचे इमोजी पण टाकले. ती दोन दिवस शाळेत आली नाही. स्टिकर बनवणारा माझ्याच वर्गातला, चांगला हुशार आहे, विचारलं तर म्हणतो "बाई मी फक्त बनवला, पाठवला दुसऱ्यानंच."

परिपाठात दहा मिनिटं बोलले, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि सुटीत तेच गप्पा की कुणाच्या फोनमध्ये किती स्टिकर. पोस्टर मिळतात पण त्यात काळी हुडी घातलेला चोर आणि भलंमोठं कुलूप, आमच्या तिसरीतल्या एकाला वाटलं तो रात्री घरी येणार. तुम्ही लोक काय करता? भाषण सोडून सांगा.

नाशकातली आई
ताई, माझा अनुभव सांगते. मुलगा दुसरीत होता तेव्हा सासूबाईंच्या फोनवर कॉल आला, यानेच उचलला. समोरचा एकदम गोड, "बाळा मेसेजमध्ये सहा आकडे आलेत, वाचता येतात का तुला?" आता हा नुकताच इंग्रजी आकडे शिकलेला, दाखवायची हौस, खणखणीत आवाजात वाचले. ते आकडे म्हणजे व्हॉट्सअॅप चालू करायचा कोड. अर्ध्या तासात सासूबाईंचं व्हॉट्सअॅप त्या माणसाच्या ताब्यात गेलं आणि सगळ्या नातेवाइकांना 'अर्जंट पैसे पाठवा'. भावाने पाठवायच्या आधी फोन करून विचारलं म्हणून वाचलो. व्हॉट्सअॅपमध्ये टू स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावायचा असतो हे तेव्हा कळलं, आता घरातल्या सगळ्यांच्या फोनला लावलाय.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. याला त्याच संध्याकाळी कळलं होतं काहीतरी चुकलंय, आणि दोन दिवस बोलला नाही. का, तर महिन्याभरापूर्वी काहीतरी व्हिडिओ बघितला म्हणून मी फोन हिसकावून धपाटा घातला होता. तेव्हापासून घरात ठरलंय, येऊन सांगितलं तर ओरडणार नाही आणि फोन पण काढून घेणार नाही. पाळणं अवघड जातं, खोटं कशाला बोलू.

आणि आम्ही एक खेळ खेळतो. मी आतल्या खोलीतून आवाज बदलून फोन करते, कधी कुरिअरवाला, कधी बँकवाला, कधी "मी पप्पांचा मित्र, घरी कोण कोण आहे?" त्याने फक्त "थांबा, आईला देतो" म्हणायचं. पहिल्या तीन वेळा पत्ता सांगून मोकळा झाला 😀 पप्पांच्या मित्राला तर गाडीचा नंबर पण.

रेंज नाही
सेटिंगचं लिहितो. प्ले स्टोअरमध्ये खरेदीला दर वेळी पासवर्ड मागेल असं करून ठेवा. लहानांना यूट्यूब किड्स. अँड्रॉइडमध्ये अॅप पिन करायची सोय असते, एकच अॅप उघडं राहतं, त्यातून बाहेर पडायला लॉक लागतो (पॅटर्न बदला आधी). व्हॉट्सअॅपला कमीत कमी वय १३ आहे हे पालकसभेत सांगा, अर्ध्यांना माहीत नसतं. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे मात्र चौथीच्या पोराला नक्की समजतं आणि तो जाऊन बापाला शिकवतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. मुलाला कुणी त्रास देत असेल तर १०९८, ती मुलांची हेल्पलाइन. हे दोन नंबर वर्गात भिंतीवर रंगवून घ्या.

आबा ७१
सेटिंग वगैरे ठीक आहे हो, पण घरात एकच फोन, तोच बापाचा, तोच आजीच्या भजनाचा, त्याला कुठली सेटिंग लावता? आमच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. आणि बंद सगळ्यांचा, नुसता पोरांचा नाही. त्यातली गोम तीच आहे.

बाई, तुमच्या प्रकरणात पोरापेक्षा ते हसणारे इमोजी मला खटकले. त्यांना कोण शिकवणार? आमच्या सूनबाई नातवाचा पहिल्या दिवसाचा फोटो स्टेटसला टाकतात, गणवेशावर शाळेचं नाव, गळ्यात आयकार्ड, मागे घराचा नंबर. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या आतल्या मुलांची माहिती घ्यायला कंपन्यांना पालकांची संमती लागते म्हणे, आणि पालक स्वतःच वाटत सुटलेत. परवा नातू मला म्हणाला "आबा, अंघोळीचा फोटो काढू नका." मी काढला होता. त्याच्यासमोर डिलीट केला.

खडूची धूळ
आबा, तुमचा मुद्दा पालकसभेत जशाच्या तसा मांडला, दोघांनी माना खाली घातल्या, एक जण उठून गेला. 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं म्हणजे झालं असं सगळ्यांना वाटत होतं, पण ज्यांनी स्टिकर सेव्ह करून ठेवला त्यांच्याकडे तो राहतोच, हे एका पोरीने आईच्या फोनमध्ये उघडून दाखवलं तेव्हा पटलं.

वर्गात एक करून बघितलं. प्रत्येकाने चिठ्ठीवर स्वतःची एक गंमत लिहायची, नाव नाही टाकायचं. शेजाऱ्याने त्याच्या दोन नकला करायच्या आणि पुढे द्यायच्या, पुढच्याने परत दोन. पाच मिनिटांत नुसता गोंधळ, चिठ्ठ्या खिडकीतून पहिलीच्या वर्गात पण गेल्या. मग म्हटलं, आता आपापल्या सगळ्या परत आणा. पळापळ, रडारड, "बाई हा देत नाही". एकालाही सगळ्या मिळाल्या नाहीत. मी काहीच समजावलं नाही, घंटा झाली.

आठ दिवसांनी खिचडी करणाऱ्या मावशी एक चिठ्ठी घेऊन आल्या, तांदळाच्या डब्यामागे सापडली म्हणाल्या. 'मला अंधारात एकट्याला लघवीला जायची भीती वाटते'. मोठ्याने वाचली त्यांनी, कुणाची रे ही म्हणून. वर्गात एकही जण हसला नाही. स्टिकरवाला उठला, मावशींच्या हातातून चिठ्ठी घेतली, बारीक घडी करून खिशात टाकली आणि जागेवर जाऊन बसला. त्याचीच होती की दुसऱ्या कुणाची, मी विचारलं नाही.