बाबांसाठी .३२: रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल?

मालाडवाला
बाबांचा (वय ६३, सराफी दुकान) शस्त्रपरवाना मंजूर झालाय, .३२ बोअर. शस्त्र घरातच राहणार, कमरेला लावून फिरायचं नाही. डीलर अशनी पिस्तूल घ्या म्हणतो, ओळखीचे एक काका निर्भीक रिव्हॉल्व्हर सुचवतात, हलकं म्हणून. बाबांच्या उजव्या अंगठ्याला संधिवात आहे. वन बीएचके, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची बेडरूम. त्यांना झेपेल असं काय?

खटका_आणि_चाप
अंगठा दुखतो म्हणालात, तिथेच निम्मं उत्तर आलं. .३२ची पिस्तुलं बहुतेक ब्लोबॅक असतात. म्हणजे गोळी सुटताना स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) नळीला अडकवलेली नसते, तिला रोखतं ते फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग. म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते आणि स्लाइड ओढायला जोर लागतो. मनगट ढिलं पडलं की रिकामं काडतूस बाहेर पडायच्या दारातच अडकतं, मग तीच स्लाइड अंधारात पुन्हा ओढा. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी फुटली नाही तर चाप परत ओढायचा, पुढची समोर येते. (हे संकटातलं. रेंजवर असं झालं तर नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं.)

निर्भीक साधारण ५०० ग्रॅम, कानपूरचं मार्क थ्री रिव्हॉल्व्हर ७००च्या आसपास, २०२३ला आलेलं प्रबल रिव्हॉल्व्हर ६७५. खिशात हलकं बरं, पण घरात ठेवायचं तर वजन हवंच, धक्का तेच खातं. शिवाय निर्भीक आणि मार्क थ्री मधोमध मोडून उघडतात, त्याचा खटका अंगठ्यानेच दाबायचा. प्रबलचं सिलिंडर (गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं) बाजूला बाहेर येतं. बाबांना डीलरच्या दुकानात नेऊन दोन्ही प्रकार उघडायला लावा.

तिथेच आणखी एक चाचणी. शस्त्र रिकामं आहे हे दोघांनी पाहायचं, डमी काडतुसं घालायची, भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नेम धरून घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा भाग) न चढवता दहा वेळा चाप पूर्ण ओढायचा. शेवटच्या दोन-तीन वेळा पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) खाली घसरली तर चाप त्यांना जड आहे. अंगठ्याने घोडा चढवला की चाप हलका होतो खरा, पण थरथरत्या हातात चढलेला घोडा म्हणजे नको तेव्हा सुटणारी गोळी. मी तो मार्ग सुचवणार नाही.

केएफ_३२
काडतुसांत घोळ घालू नका. दोन्हीला लोक '.३२' म्हणतात, पण रिव्हॉल्व्हरचं ७.६५ × २३ मिमी (एस अँड डब्ल्यू लाँग), पिस्तुलाचं ७.६५ × १७ (एसीपी). पिस्तुलाचं रिव्हॉल्व्हरमध्ये शिरतंसुद्धा, म्हणून बिल बनताना डबी वाचा. एकावेळी किती आणि वर्षाला किती, ते परवान्यावर असतं.

आपल्याकडे पावसाळा हाच खरा शत्रू. कातडी म्यानात शस्त्र ठेवू नका, कातडं ओल धरतं आणि म्यान जिथे टेकतं तिथेच गंज चढतो. नळीत आणि बाहेरून तेलाचा पातळ हात, सोबत सिलिका जेल. तेल ओतायचं मात्र नाही. काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणारी टोपी असते, तिच्यात झिरपलं की ऐनवेळी नुसता टक असा आवाज येतो.

मालाडवाला
रिव्हॉल्व्हरच बघतो मग. दुपारी आई एकटी असते, तिलाही शिकवून ठेवू का?

खटका_आणि_चाप
नाही. परवाना ज्याच्या नावावर, शस्त्र त्याच्याच हातात. बाबा बाहेर असताना ते भिंतीला किंवा लादीला बोल्ट केलेल्या तिजोरीत, किल्ली त्यांच्याकडे. आईसाठी सेफ्टी डोअर, साखळी आणि व्हिडिओ डोअरफोन. तसंही घरफोडीत दाराच्या या बंदोबस्ताचाच उपयोग जास्त.

चौथा_मजला
शेजाऱ्यांच्या भिंतीबद्दल कुणीच बोललं नाही. .३२ची गोळी फ्लश डोअर आणि जिप्समच्या पार्टिशनमधून आरपार जाते. बाबांनी कुठे उभं राहायचं आणि कुठल्या दिशेला गोळी झाडायचीच नाही, हे दिवसाउजेडी घरात फिरून ठरवा. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची. ३७ आधी वाचा, गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर आरोपी तुम्ही.

सरावासाठी वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, सभासदत्वाचे नियम आधी विचारून घ्या. आणि निवडणुका लागल्या की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते. जमा केल्याची पावती परवान्याच्या पुस्तकातच ठेवा, परत घेताना तीच मागतात.