मुठेचं पाणी आपण मोजायचं की नाही?

काठावरची: काल एका सभासदाने लिहिलं, "रविवारी बाटल्या घेऊन नदीवर जाणं ही हौस आहे, त्या आकड्यांना कुणी विचारत नाही." राग आला, म्हणून सविस्तर लिहितेय. चार वर्षं आम्ही सातजण पुण्यात मुठेवर एकाच पुलाखालून पाणी घेतो. तापमान मोजतो, आणि विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने: बाटलीत रसायनं टाकायची, ऑक्सिजन असेल तर तळाशी बसणारा साका तपकिरी होतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा नमुना महिन्यातून एकदा. मधल्या दिवसांत रात्री कुणी काही सोडलं तर बघणार कोण? एका पहाटे बाटलीत रसायनं टाकली आणि साका तपकिरी झालाच नाही, पांढराच राहिला. म्हणजे ऑक्सिजन जवळजवळ संपलेला. ते बघून पोटात गोळा आला.

ब्युरेट: ते वाक्य माझंच. बावीस वर्षं प्रयोगशाळेत काढलीत. बाटली भरताना एक बुडबुडा राहिला तरी आकडा फुगतो. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते मोजायला, नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवायला इनक्युबेटर आहे का तुमच्याकडे? आणि १९७४च्या जल कायद्याचं कलम २१ वाचा. सांडपाण्याचा नमुना मालकाला नोटीस देऊन, दोन भाग करून, सील करून घेतला नसेल तर पुरावा म्हणून चालत नाही.

पेठकर: मोजून काय होणार? आधी पुलावरून निर्माल्याच्या पिशव्या फेकणाऱ्यांना आवरा. प्लास्टरच्या मूर्ती महिनोन्‌महिने विरघळत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची (सीपीसीबी) मूर्तिविसर्जनाची २०२०ची सुधारित तत्त्वं कोण पाळतं?

मुळाकाठ: आला गणपतीवर! दहा दिवसांचा उत्सव दिसतो, ३६५ दिवसांचं मैलापाणी दिसत नाही? अकरा मैलापाणी केंद्रांचा ९९० कोटींचा प्रकल्प २०१६ला ठरला, त्याचा हिशेब मागा. आमच्या घरी शाडूचीच मूर्ती असते, बादलीत विसर्जन करतो.

पेठकर: तुमच्या घरी. माझ्या वडिलांनी याच मुठेत पोहणं शिकवलं. गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः गुडघाभर चिखलातून गणपतीचे हात गोळा केले. माझी श्रद्धा तुमच्यापेक्षा कमी नाही, म्हणूनच बोलतोय.

मुळाकाठ: हात गोळा केलेत, त्याबद्दल नमस्कार. पण त्या चिखलाला वास मूर्तींचा येत नव्हता, मैल्याचा येत होता. हे कबूल करा.

पेठकर: मैल्याचा होता. मूर्तीही होत्या.

काठावरची: विसर्जनासाठी वेगळा धागा काढा, हात जोडते. ब्युरेट, आम्हाला कोर्टात जायचंच नाही. कुठल्या दिवशी, कुठल्या नाल्याखाली बघायचं एवढं मंडळाला सांगायचंय. पांढरा साका ओळखायला इनक्युबेटर लागत नाही.

ब्युरेट: पांढऱ्या साक्याचं मान्य. तिथे चूक होणं अवघड आहे. पण वेळ? उन्हात शेवाळं ऑक्सिजन सोडतं, दुपारचा आकडा चढतो, पहाटे तळाला जातो. पहिल्या वर्षीच्या नोंदींत वेळच नाही, मी बघितल्यात. त्या काढून टाका.

काठावरची: वेळ लिहायची राहिली, ती चूक आमची. नोंदी काढणार नाही. समोर 'वेळ नोंदलेली नाही' असं आज रात्री लिहून ठेवते.

ब्युरेट: लिहा. आणि प्रत्येक वेळी दोन बाटल्या भरा, एक नाही. टायट्रेशनमध्ये थेंब थेंब सोडून ऑक्सिजन मोजता ते थायोसल्फेटचं द्रावण ताजं प्रमाणित केलेलं आहे का?

काठावरची: महिन्यापूर्वीचं आहे.

ब्युरेट: मग या रविवारचं टायट्रेशन करू नका. मी नवीन करून आणतो. किती वाजता असता पुलाखाली?