ब्लॉक केलेल्या माणसाला आपलं लिखाण दिसावं का?

तिन्हीसांज
नोव्हेंबर २०२४ मध्ये एक्सने (पूर्वीच्या ट्विटरने) ब्लॉकचा अर्थच बदलला. आधी ज्याला ब्लॉक केलं त्याला आपलं काहीच दिसत नसे. आता खातं खुलं असेल तर तो सगळं वाचतो, आपल्याला कोण फॉलो करतं तेही बघतो. फक्त उत्तर, लाइक, रीपोस्ट बंद.

मला हे अजिबात मान्य नाही. एका जुन्या सहकाऱ्याने दोन वर्षं माझा पिच्छा पुरवला. रविवारी मी ट्रेकचे फोटो टाकले की सोमवारी त्याचा मेसेज: "हरिश्चंद्रगडावर धुकं होतं ना?" वावगा शब्द एकही नाही. तो सगळं वाचतोय, हाच त्रास होता. अशा माणसाचं फक्त उत्तर अडवून मला काय मिळणार?

डोंगरवाट
तुम्हाला झालेला त्रास खरा आहे, तरी मी असहमत. खुली पोस्ट जगासाठी असते. दुसरं खातं काढायला दोन मिनिटं लागतात, म्हणजे जुन्या ब्लॉकमुळे आपण उगाच निर्धास्त राहत होतो. लपवायचं असेल तर खातं प्रायव्हेट करावं.

शिवाय दुसरी बाजू मी भोगली आहे. एकाने मला ब्लॉक केलं आणि मग माझ्याबद्दल खोटंनाटं लिहिलं. आठवडाभर मला पत्ताच नाही. मित्राने स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा कळलं, तोवर व्हायची ती बदनामी होऊन गेली होती. बदल करताना एक्सनेही हेच कारण दिलं होतं.

तिन्हीसांज
दुसरं खातं काढता येतं, मान्य. पण त्यासाठी मुद्दाम बसून ते काढावं लागतं. रात्री अकराला डोकं फिरलेला प्रत्येक जण तेवढी खटपट करत नाही. आणि त्यावरही उपाय आहे: इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये, त्या माणसाने पुढे काढलेली खातीसुद्धा आधीच ब्लॉक करायची सोय दिली.

प्रायव्हेट करा म्हणता, पण मी दिवाळीचा फराळ विकते. नवीन गिऱ्हाईक मला तिथेच शोधतं. त्रास त्याने द्यायचा आणि दुकान मी बंद करायचं?

काटेसावर
तुम्ही दोघं खाजगी माणसांबद्दल बोलताय. पदावरच्या माणसाचं काय? अमेरिकेत मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरन शहराचे सिटी मॅनेजर (शहराचा कारभार पाहणारे अधिकारी) जेम्स फ्रीड यांनी कोविडकाळात टीका करणाऱ्या एका नागरिकाला फेसबुकवर ब्लॉक केलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. पदावरच्या माणसाने केलेलं ब्लॉक शासनाचं कृत्य कधी मानायचं, यासाठी मार्च २०२४ मध्ये कोर्टाने एकमताने दोन कसोट्या दिल्या: शासनाच्या वतीने बोलायचा अधिकार त्या माणसाला होता का, आणि त्या पोस्टमध्ये तो अधिकार वापरला होता का. मला ही विभागणी पटते. आमच्या नगरसेवकाने पाणीकपातीची सूचना स्वतःच्या खात्यावर टाकली, तर ती मला दिसलीच पाहिजे. त्याच्या मुलीच्या लग्नाचे फोटो नाही दिसले तरी चालेल.

डोंगरवाट
हे पटलं. मग मधला मार्ग काढा. ब्लॉक पूर्वीसारखाच कडक ठेवा, पण ज्या पोस्टमध्ये माझं नाव घेतलंय तेवढी मला दिसू द्या.

तिन्हीसांज
नाही. त्या सहकाऱ्याचं नाव घेऊन मी एकदा इतर बायकांना सावध केलं होतं. तुमच्या नियमाने ती पोस्ट त्यालाही दिसली असती. मग मी ती लिहिलीच नसती.