एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून गेम वाईट?

सोंगटी

‘खटका’ यांच्या लेखातलं हे वाक्य गेले काही दिवस जो तो उचलून धरतोय: "ज्या गेमचं वर्णन एका वाक्यात होत नाही, तो विकायच्या भानगडीत पडू नका. आधी गेम दुरुस्त करा." मला हे साफ चुकीचं वाटतं. पहिलाच गेम करणाऱ्यांना ते भलत्याच कामाला लावतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

‘आउटर वाइल्ड्स’ हा गेम घ्या. दर 22 मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून, एवढं सांगता येतं. पण त्यात हत्यार वाढत नाही, किल्ली सापडत नाही. पुढचं दार उघडतं ते तुम्हाला काय कळलंय यावर. विकायची वस्तूच अशी, की दाखवली की संपली. 2020 मध्ये बाफ्टा या ब्रिटिश संस्थेचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार त्याला मिळाला. यात दुरुस्त काय करणार?

‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (2018): माणसांशिवाय परत आलेलं जहाज, यादीत 60 जण, प्रत्येकाचं नाव आणि त्याचं काय झालं ते शोधायचं. प्रेताजवळ घड्याळ उघडलं की मरणाचा क्षण गोठलेला दिसतो. तिघांचं बरोबर जुळल्याशिवाय गेम पसंतीची मोहोर उठवत नाही, त्यामुळे अंदाजपंचे फार चालत नाही. आता याचं एक वाक्य करा: "ईस्ट इंडिया कंपनीच्या विमा तपासनीसाचा गेम." कोण थांबेल? पण त्याचं एक चित्र, नुसत्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांतलं, यादीत बघणाऱ्याला थांबवतं.

माझं म्हणणं असं: समजावत बसू नका. एक कृती आणि तिचा परिणाम दाखवा. ‘बाबा इज यू’मध्ये नियमच जमिनीवर शब्दांच्या ठोकळ्यांत मांडलेले असतात. भिंत अडवते, या अर्थाचे तीन ठोकळे. खेळाडू त्यातला शेवटचा ढकलून बाजूला करतो आणि भिंतीतून आरपार जातो. सहा सेकंदांची गोष्ट. निवेदन नको, मजकूर नको.

असा व्हिडिओचा तुकडा करताना कोडं सुरुवातीच्या पातळ्यांतलं घ्या, ज्याचा परिणाम नियम न कळणाऱ्यालाही दिसेल. कॅमेरा जवळ आणा, कडेचे आकडे आणि मेन्यू बंद करा. कृतीच्या आधी पूर्ण एक सेकंद काहीच हलू देऊ नका, परिणामानंतरही एक सेकंद थांबा. बहुतेक जण तो आधीचा सेकंद कापतात, मग काय बदललं हेच बघणाऱ्याला कळत नाही. स्टुडिओचा लोगो शेवटी. ‘ओपस मॅग्नम’ने (2017) तर आपलं यंत्र जिफ म्हणून काढायची सोय गेममध्येच दिली, आणि प्रचार खेळाडूंनी केला.

खटका

लेख नीट वाचला असतात तर एवढं टंकायची वेळ आली नसती. ते वाक्य गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठी नाहीच. ते दोन ठिकाणी लागतं.

एक, दुकानाच्या पानावर. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात छोटं वर्णन साधारण 300 अक्षरांचं आणि टॅग जास्तीत जास्त 20. ‘यासारखे आणखी’ या पट्टीत तुम्ही कोणाशेजारी बसणार, ते या टॅगवरून ठरतं. आपला गेम काय आहे हे स्वतःलाच सांगता येत नसेल, तर लोक ‘इंडी’, ‘साहस’, ‘कोडी’ असले सरसकट टॅग वर ठेवतात आणि चुकीच्या लोकांसमोर जातात. नेमका टॅग आधी, सरसकट मागे, हा क्रम लावायला ते वाक्य लागतं.

दोन, मित्राने मित्राला सांगायला. ‘सुपरहॉट’: तुम्ही हललात तरच वेळ पुढे सरकते. 2013 मध्ये सात दिवसांच्या स्पर्धेत केलेला नमुना 2016 च्या पूर्ण गेमपर्यंत याच वाक्यावर पोचला.

आणि तुमची सगळी उदाहरणं तरलेल्यांची आहेत. ‘आउटर वाइल्ड्स’कडे आयजीएफ या स्वतंत्र गेमच्या महोत्सवाचं 2015 चं मुख्य पारितोषिक होतं, मागे मोठा प्रकाशक होता. दोन माणसांच्या चमूने त्याची नक्कल करून गूढ ट्रेलर काढला, तर त्याला कोणी गूढ म्हणत नाही. न बघता पुढे जातात.

उलटंही बघा. ‘ब्रूटल लेजेंड’ (2009) चा डेमो सुरुवातीच्या कुऱ्हाडीच्या मारामारीचा. पुढे सैन्य उभारून लढायच्या डावपेचाच्या लढाया निघाल्या. मारामारीसाठी घेतलेले लोक वैतागले, डावपेचवाल्यांना पत्ताच नाही. गेम काय आहे हे न सांगण्याची किंमत ही.

अर्धविराम

दोघेही मधला रस्ता सोडताय. कठीण गेमला ओळखीचा चेहरा उसना घ्यायचा असतो.

‘बलाट्रो’ (फेब्रुवारी 2024) आतून बऱ्यापैकी विचित्र आहे. जोकरांची साखळी, गुणक, एकमेकांवर चढणारे परिणाम. पण वरून पोकर. फ्लश, फुल हाउस जगाला माहीत आहे, त्यामुळे पहिल्या डावात काय करायचं हे शिकवावंच लागत नाही. पहिल्या महिन्यातच दहा लाखांवर प्रती गेल्या.

‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ 2006 पासून फुकट होता, अक्षरांच्या चिन्हांनी रंगवलेल्या पडद्यावर. डिसेंबर 2022 मध्ये चित्रं आणि माउसची सोय घेऊन स्टीमवर आला आणि भरभरून विकला गेला. खोली तीच, गुंतागुंत तीच. बदलला तो चेहरा.

सोंगटी

उसन्या चेहऱ्याला व्याज असतं, तेही लिहा. पोकरमुळेच मार्च 2024 मध्ये युरोपात ‘बलाट्रो’चं वयाचं मानांकन 3 वरून 18 वर गेलं आणि काही देशांत तो कन्सोलच्या दुकानांतून काही काळ उतरवला गेला. अपिलानंतर 12 व्हायला 2025 उजाडलं. तेवढा वेळ तग धरणं छोट्या चमूला झेपत नाही.

खटका, टॅगच्या क्रमाचं मान्य. पण पान उघडल्यावरची गोष्ट आहे ती. पान उघडण्याआधी वाचतंय कोण? दिसतं ते कॅप्सूल, म्हणजे यादीतलं गेमचं ओळखचित्र. छोटं कॅप्सूल 462 × 174 पिक्सेलचं आणि यादीत त्याच्या निम्म्याहूनही लहान दिसतं. तिथे फक्त गेमचं नाव वाचता आलं आणि एक आकृती ओळखू आली, तरी खूप. पुरस्कारांची चिन्हं, समीक्षेतली वाक्यं तिथे चिकटवायला 2022 पासून बंदीच आहे. नंतर माउस वर नेला की स्क्रीनशॉट फिरतात. निदान पहिले चार एकाच खोलीचे, एकाच रंगाचे नकोत. तुमचं वाक्य या सगळ्यानंतर येतं.

खटका

आणि ती आकृती कोणती, हे ठरवणार कशावरून? त्या वाक्यावरूनच! चित्रकाराला सांगताना तुम्ही बोलणारच ना काहीतरी? "काळं-पांढरं जहाज काढ" हेसुद्धा वाक्यच आहे. तुम्ही शब्दांना विरोध करताय आणि शब्दांनीच काम करून घेताय.

निळू_द

चित्र-वाक्य पुरे. अशा गेमला डेमो लागतो, आणि डेमोच बहुतेक जण वाया घालवतात.

नेक्स्ट फेस्ट, म्हणजे स्टीमवरचा डेमोंचा उत्सव, वर्षातून तीनदा, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरला. पण एका गेमला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. अर्धा शिजलेला डेमो घेऊन घाईने गेलात तर संधी संपली. प्रकाशनाच्या आधीचा शेवटचा फेस्ट धरा, आणि डेमो त्याच्या काही आठवडे आधीच लावून ठेवा, म्हणजे लोक कुठे अडकतात ते आधी कळेल. 2024 च्या बदलांनंतर डेमोला स्वतःचं पान आणि वेगळे अभिप्रायही ठेवता येतात. अवघड गेमला याचा फायदा आहे, कारण गोंधळलेल्यांचे अभिप्राय मुख्य पानाला चिकटत नाहीत.

पहिला धक्का पाच मिनिटांच्या आत. दुसरा धक्का बसला की लगेच डेमो बंद, आणि त्याच पडद्यावर विशलिस्टचं (नंतर घ्यायच्या गेमच्या यादीचं) बटण. वीस मिनिटं बटणांचे धडे देणारा डेमो हे या प्रकारातलं सर्वांत मोठं दुखणं. स्टीमचा परताव्याचा नियम विसरू नका: घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत. ज्या गेमची गंमत तिसऱ्या तासाला कळते, त्याचे पैसे दुसऱ्या तासाला परत जातात. तिथे कसलीच जाहिरात कामाची नाही, गेमची सुरुवातच बदलावी लागते.

आणि ‘की’ (गेम फुकट उघडून देणारा कोड) मागणाऱ्या मेलना उत्तर देणं थांबवा. नामवंत चॅनेलचं नाव, पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे, "तीन की पाठवा, दोन प्रेक्षकांना वाटू". त्या की दुसऱ्या दुकानात विकल्या जातात. चॅनेलच्या माहितीच्या पानावर जो पत्ता आहे, त्याच पत्त्यावर स्वतःहून लिहा.

खटका

"गेमची सुरुवातच बदलावी लागते." म्हणजे आधी गेम दुरुस्त करा. माझंच वाक्य.

निळू_द

तुमच्या वाक्यात कारण एका वाक्याचं होतं. माझ्यात दोन तासांचं आहे. पण निष्कर्ष तिथेच पोचतो, हे नाकारत नाही.

वेलांटी

सगळे इंग्रजी पानाबद्दलच बोलताय. एवढे मराठी लोक गेम करतात आणि गेममध्ये मराठी शोधून सापडत नाही. समजवायला कठीण गेम असेल तर तो निदान ज्यांना आपली भाषा कळते त्यांना आधी समजावा. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ (2020) जगभर गेला तो इथल्या देवळांच्या आणि त्रिशूळाच्या जोरावर.

सोंगटी

‘राजी’ या धाग्यात बसत नाही. त्रिशूळ घेतलेली मुलगी, मागे देऊळ, समोर राक्षस. एका चित्रात सगळं कळतं, तो सांगायला कठीण गेम नव्हेच. आणि मराठी म्हणताय तर युनिटी या गेम बनवायच्या साधनात मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोमध्ये ‘किल्ली’ लिहून दाखवा. वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरात पाय मोडलेला दिसतो. असला पडदा ट्रेलरमध्ये घातला तर मराठी माणूसच पहिला हसेल.

वेलांटी

म्हणून सोडून द्यायचं? हीच वृत्ती चीड आणते. ‘होत नाही’ म्हणण्याआधी का होत नाही ते बघा. युनिकोड म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेला क्रमांक. टेक्स्टमेशप्रो एकेक युनिकोड अक्षर घेऊन त्याचं चित्र ठेवतं. ‘क्ष’, ‘ष्ट्र’ यांच्या सलग आकारांना स्वतंत्र युनिकोड क्रमांक नाहीत, ते फॉन्टच्या आतल्या नियमांतून तयार होतात. शिवाय ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी न्यावी लागते आणि रफार अक्षराच्या शेवटी डोक्यावर. हे काम हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी करते. युनिटीसारखंच साधन असलेल्या गोडो 4 मध्ये ती आहे, अनरियलमध्ये आहे, युनिटी 6 च्या यूआय टूलकिटमधल्या नव्या मजकूर यंत्रणेतही आहे. कारण तांत्रिक आहे, मराठी अवघड असण्याचं नाही!

अर्धविराम

जुन्या युनिटीत लोक श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट वापरून भागवतात, युनिकोडचा मजकूर बदलून टाकायचा.

वेलांटी

कृपा करून ते सुचवू नका. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे असतात. मध्येच खेळाडूचं नाव इंग्रजीत आलं की कचरा दिसतो, ओळ भलत्या ठिकाणी तुटते आणि मजकूर शोधता येत नाही. मोजकेच शब्द असतील तर सरळ चित्रं करून ठेवा, ते परवडतं.

आणि नुसती हार्फबझ पुरत नाही. भाषा मराठी म्हणून सांगितली नाही तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. सांगितली तरी फॉन्टमध्ये मराठी रूपं हवीत, आधी तपासा. गोडोमध्ये लेबलला भाषेचा गुणधर्म वेगळा देता येतो. ओळीची उंची इंग्रजीवरून ठरवलेली असेल तर ‘र्कीं’चा वरचा भाग आणि ‘ट्रू’चा खालचा भाग कापला जातो. तपासायला ‘राष्ट्रीय’, ‘वाऱ्यावर’, ‘शृंखला’, ‘अर्की’ आणि ‘किल्ली’ या शब्दांपासून सुरुवात करा.

खटका

धागा प्रचाराचा आहे, फॉन्टचा नाही. ज्याला विशलिस्ट मिळत नाहीत, त्याने ‘वाऱ्यावर’ तपासत बसायचं?

वेलांटी

ज्याचा गेम शब्दांनी चालतो त्याने तपासायचंच. तुम्हीच म्हणता ना, वाक्य महत्त्वाचं? मग ते वाक्य नीट दिसू तरी द्या.

खटका

बरं. लेखात एवढा बदल करतो: वाक्य गेम बनवणाऱ्याने स्वतःसाठी आधी लिहावं, पानावर मात्र हलता तुकडा वर आणि वर्णन खाली. सोंगटींचा तो आधीच्या सेकंदाचा मुद्दा रास्त आहे, तोही घालतो. पण ज्याला वाक्य जमतच नाही त्याने प्रकाशनाची तारीख जाहीर करू नये, यावर मी ठाम आहे.

सोंगटी

स्वतःसाठी लिहायला माझी हरकत नव्हतीच. ‘आधी गेम दुरुस्त करा’ काढणार की नाही?

खटका

नाही.

निळू_द

वेलांटी, संवाद एकेक अक्षर उमटत दाखवायचे असतील तर? ‘क्षण’ लिहिताना आधी ‘क’, मग पाय मोडलेला ‘क्’, मग एकदम ‘क्ष’ असं उडतं. सी शार्प भाषेतल्या स्ट्रिंगइन्फो या सोयीने तुकडे पाडले तरी ‘क्’ आधी सुटा दिसतोच.

वेलांटी

कारण युनिकोड 15.1 (2023) च्या आधीच्या नियमांत हलन्तानंतर (पाय मोडल्याच्या खुणेनंतर) तुकडा संपतो. जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम त्या आवृत्तीत आला, जुन्या लायब्ररीत तो नसतो. स्वतः तुकडे पाडत असाल तर तुकड्याच्या शेवटी हलन्त असेल तेव्हा पुढचा तुकडा त्यालाच जोडा. पण पुढे जागा किंवा विरामचिन्ह असेल तर जोडू नका, नाहीतर ‘अर्थात्’नंतरचा स्वल्पविराम आधीच दिसेल. गोडोमध्ये दिसणाऱ्या अक्षरांचं वर्तन ‘आकार दिल्यानंतर’वर ठेवा, म्हणजे पूर्ण वाक्य आधी मांडलं जातं आणि नंतर उघडत जातं, ओळही मध्येच उडी मारत नाही. आवाजाची टिकटिक लावली असेल तर तीही या तुकड्यांवर मोजा, युनिकोड क्रमांकांवर नको. नाहीतर ‘राष्ट्र’ला दोनऐवजी सात टिक्‌ वाजतात.