सीपॅप मशीन बाबा लावत नाहीत, हृदयाच्या ठोक्यांचाही त्रास आहे. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबा ६४ वर्षांचे, सांगलीला असतात. बीपीच्या तीन गोळ्या घेऊनही सकाळचं बीपी चढलेलंच. गेल्या वर्षी छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढला तर एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) निघालं. रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे. टूडी इको चांगला, पंपिंग ६० टक्के.

हृदयाच्या डॉक्टरांनी आईला विचारलं, "घोरतात का?" तेव्हा आईने सगळं सांगितलं. घोरणं मध्येच एकदम थांबतं, पोट आणि छाती नुसती हलत राहते पण हवा आत जात नाही, आणि मग मोठ्ठा आवाज करून ते दचकतात. ती बिचारी रात्रभर त्यांना हलवत बसते. स्लीप स्टडीत तासाला ३८ वेळा श्वास अडकतो किंवा उथळ होतो असं आलं. ३० च्या वर म्हणजे तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, झोपेत श्वास थांबण्याचा आजार. ऑक्सिजन ७४ पर्यंत उतरला होता.

डॉक्टर म्हणाले, घसा मिटला की ऑक्सिजन उतरतो, मेंदू शरीराला खडबडून जागं करतो आणि बीपी उसळतं. झोपेत जे बीपी उतरायला हवं ते उतरतच नाही. शिवाय मिटलेल्या घशातून श्वास ओढताना छातीत जो ताण येतो, त्याने हृदयाचे वरचे कप्पे ओढले जातात. पुढे अ‍ॅब्लेशन (ठोके बिघडवणारा हृदयातला भाग निकामी करण्याची प्रक्रिया) करायचं ठरलं तरी श्वासाचा त्रास तसाच राहिला तर फिब्रिलेशन पुन्हा होण्याची शक्यता जास्त. म्हणून आधी सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन.

बाबा मात्र रात्री दोन-तीनच्या सुमारास मास्क काढून ठेवतात. त्यात कुणीतरी त्यांना २०१६ चा 'सेव्ह' अभ्यास सांगितला. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात असलेल्या २,७०० हून अधिक लोकांत सीपॅपने पुढचे झटके कमी झाले नाहीत, हे खरं आहे. पण त्या लोकांनी मशीन सरासरी रात्री साडेतीन तासही लावलं नव्हतं, आणि दिवसा फार पेंगणारे रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. बाबा तर पेपर हातात धरूनच झोपतात. त्यांची स्कूटर आम्ही बंद करायला लावली आहे. त्यामुळे "उपयोग नाही" हा निष्कर्ष त्यांना लागू होतो असं मला अजिबात वाटत नाही.

आता विचारायचं ते असं. बाबांना भरघोस मिशा आहेत, मास्क तिथूनच गळतो. नाकपुडीत बसणारा छोटा मास्क कुणी वापरला आहे का? झोपेत तोंड उघडं राहत असेल तर तो चालतो का? सकाळी घसा कोरडा पडतो, हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरने फरक पडतो का? आणि ज्यांना फिब्रिलेशन आणि अ‍ॅप्निया दोन्ही आहेत, त्यांचं बीपी किंवा धडधड मशीन पूर्ण रात्र लावायला लागल्यावर कमी झाली का, नि किती महिन्यांनी?

औषधं डॉक्टरांना विचारूनच बदलू. मशीनची सवय कशी लावली ते कृपया सविस्तर लिहा. बाबांना तुमचे प्रतिसाद मी वाचून दाखवणार आहे.