कादंबरीतला मुलगा सहा वर्षांत मोठा होतो, पडद्यावर कसा करायचा?

प्रश्न
आठ महिने एका कादंबरीची पटकथा लिहितोय. शेतकऱ्याचा मुलगा, वय ११ ते १७. लेखिकेची लेखी परवानगी मिळाली आहे. पुस्तकात सगळं मुलाच्या मनात चालतं. बाप त्याच्याशी धड बोलत नाही आणि शेवटी एका सकाळी काही न बोलता नांगराचं रुमणं, म्हणजे धरायची मूठ, त्याच्या हातात देतो. वाचताना रडलो होतो. माझ्या तिसऱ्या खर्ड्यात मात्र तोच प्रसंग निर्जीव झालाय. निवेदन घातलं की नभोनाट्य वाटतं, काढलं की पोरगा नुसता उभा दिसतो. शिवाय पिकाचे हंगाम कसे गाठायचे? शेतात शूटिंग केलेलं कुणी आहे का?

उत्तर
निवेदन पूर्ण काढू नका. सुरुवातीला दोन वाक्यं राहू द्या, मुलाचा आवाज कानात बसतो.

उत्तर
मी शेतात वाढलो, पुढे अशाच एका चित्रपटावर सहायक दिग्दर्शक होतो. तुमचा शेवट चांगला आहे, त्याच्या आधीचं काहीतरी राहिलंय. रुमणं आधी दोनदा दिसू द्या.

हलक्या पोराने नांगर धरला की फाळ, म्हणजे माती फोडणारं लोखंडी टोक, वर येतो. जमिनीत शिरायला रुमण्यावर जोर लागतो, तो ११ वर्षांच्या अंगात नसतो. तेव्हा तो मागून ढेकळं फोडत चालेल. १४व्या वर्षी बाप नसताना धरेल, तास, म्हणजे नांगराची रेघ, वाकडं जाईल. बाप येईल, बघेल आणि त्याच तासावरून पुन्हा नांगर घालेल. शब्द नकोत. मग १७व्या वर्षी फाळ खाली जातो, माती उलटते, आणि मन सांगायला निवेदन लागत नाही. फक्त नटांना हे काम खरोखर शिकवा, निदान दोन महिने आधी. खोटा हात शेतकऱ्याला लगेच कळतो.

पिकाचं: गव्हाला पेरणीपासून चारेक महिने लागतात. आम्ही तीन पट्टे पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरले होते, त्यामुळे एकाच आठवड्यात पोटरीतलं (ओंबी अजून पानाच्या आत), ओंबीवरचं आणि पिकत आलेलं असं तिन्ही मिळालं. जास्तीचा पट्टा ठेवाच. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ या बंगाली चित्रपटाच्या वेळी १९५२ मध्ये काशफुलांचा (पांढऱ्या तुऱ्यांच्या गवताचा) अर्धा प्रसंग चित्रित झाला आणि पुढच्या रविवारपर्यंत गुरांनी फुलं खाऊन टाकली. राय यांना पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं.

प्रश्नकर्ता
वाकडं तास! हे पुस्तकात नाही, पण लेखिकेला विचारतो. मुलगा एकच घ्यावा की दोन?

उत्तर
दोन घ्या. रेंगाळलेल्या शूटिंगमध्ये मुलं वाढतात. राय स्वतः म्हणत, ‘पथेर पांचाली’तल्या लहान अपूचा आवाज फुटला नाही हे नशीब. दोघांची चेहरेपट्टी तंतोतंत जुळायला हवी असं नाही. ढेकूळ उचलायची, घाम पुसायची लकब मात्र एक हवी. मोठ्याला लहान्याबरोबर राहू द्या, त्याच्या हालचाली बघू द्या.

उत्तर
बैल विसरलात सगळे. सहा वर्षांत जोडीही म्हातारी होते. पहिल्या भागात ताठ मानेची आणि शेवटी संथ पावलांची अशा एकाच रंगाच्या दोन जोड्या लागतील. त्यांना मुलांची सवय आधी लावा, नाहीतर नटाच्या हातात रुमणं असताना बैल जागचे हलणार नाहीत.