भांडुपच्या गाळ्यात दिवाळीपुरती ठेकेदाराची माणसं

एडिसन, न्यू जर्सीहून:

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाचा भांडुपला फराळ पॅकिंगचा गाळा आहे. एरवी आठ माणसांत भागतं, गणपती आटोपले की आणखी दहा लागतात. एक ठेकेदार म्हणतोय, "माणसं माझ्या पेरोलवर, तुम्हाला कसलीच झंझट नाही." इथे माझ्या क्लिनिकचं पेरोल पीईओ (पगाराचं सगळं काम सांभाळणारी बाहेरची कंपनी) बघते आणि माझा भार खरंच हलका झालाय. मुंबईतही असंच असतं का? मुंबईत हे काम करणारं कुणी आपल्या या ईमेल-यादीवर असेल तर कृपया सांगा.

मुलुंडहून:

नमस्कार दादा,

छोट्या आस्थापनांची पीएफ-ईएसआयची (भविष्यनिर्वाह निधी आणि कामगार विमा) कामं मी रोज करते, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमची पीईओ आणि हा ठेकेदार यांत मोठा फरक आहे. पीईओ तुमच्याच माणसांची सह-मालक होते आणि पगार-कर सांभाळते. ती आयआरएस-प्रमाणित (तिथल्या केंद्रीय कर खात्याने मान्य केलेली) असेल तर तिने दिलेल्या पगारावरच्या केंद्रीय रोजगार कराची जबाबदारीही तिच्याकडे जाते. इथला ठेकेदार स्वतःची माणसं आणून देतो, पण जबाबदारी भावाला सुटत नाही. त्याने पगार बुडवला तर वेतन संहितेनुसार, म्हणजे पगाराच्या कायद्यानुसार, तो आस्थापनेच्या मालकाला द्यावा लागतो. ईएसआयचंही तसंच: ठेकेदाराने भरलं नाही तर वसुली भावाकडे येणार.

त्यातून आठ अधिक दहा म्हणजे अठरा. ठेकेदारामार्फत आलेली माणसंही मोजणीत धरतात. पीएफची २० माणसांची मर्यादा अजून दोनने दूर आहे, ईएसआयची १० ची मात्र ओलांडली. आणि एकदा ईएसआय लागू झालं की दिवाळीनंतर माणसं पुन्हा आठवर आली तरी ते सुटत नाही. "झंझट नाही" म्हणणारे हे सांगत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

आता बिल बघा. पॅकिंगला येणाऱ्या एका बाईचा पगार १८,००० आणि त्यातलं बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) १५,००० धरू. ठेकेदाराची सगळीकडची माणसं मिळून वीसच्या वर असली तर त्याला पीएफ लागतोच, तो बिलात येतो: मालकाच्या वाट्याचा, विमा व प्रशासन शुल्कासह १,९५०. ईएसआय ३.२५ टक्के, म्हणजे ५८५. ठेकेदाराचं कमिशन समजा १,४६५. झाले २२,०००. जीएसटी १८ टक्के लागतो तो नुसत्या कमिशनवर नाही, सगळ्या रकमेवर: ३,९६०. भाऊ कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) असेल तर याचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही, एका बाईमागे दरमहा तेवढे खिशातून गेले.

माझं स्पष्ट मत, दहा माणसांसाठी ठेकेदार नको. ठरावीक मुदतीचं नेमणूकपत्र देऊन बायकांना थेट घ्या. ईएसआय तर कसंही लागणारच आहे, मग ते स्वतःच्या कोडवर (नोंदणी क्रमांकावर) भरलेलं बरं. बाईला आणि तिच्या घरच्यांना पहिल्या दिवसापासून औषधपाणी मिळतं, आणि मुलुंडचं ईएसआय रुग्णालय भांडुपहून लांब नाही.

एडिसनहून:

ताई, मनापासून आभार. भावाशी बोललो. त्याची अडचण वेगळीच आहे: ऐन हंगामात बाई गावी गेली तर दुसरी आणायची कुठून? ठेकेदार दुसऱ्या दिवशी बदली देतो.

मुलुंडहून:

हे कारण खरं आहे. तेवढ्यासाठी ठेकेदार घ्यायचा तर घ्या, पण करारात एक कलम हवंच: मागच्या महिन्याचे पगाराचे बँक पुरावे, पीएफचा ईसीआर (दरमहा भरायची नावानिशी यादी) आणि ईएसआयचं चलान (पैसे भरल्याची पावती) हाती आल्याशिवाय बिल निघणार नाही.

नुसत्या चलानच्या आकड्यावर जाऊ नका. ठेकेदाराचं चलान त्याच्या साऱ्या ठिकाणांचं मिळून असतं, त्यात भांडुपच्या बायका आहेत की नाहीत ते कळत नाही. ईसीआरमध्ये प्रत्येकीचं नाव आणि यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) असतो. ती यादी आणि गाळ्यातलं मस्टर (हजेरीपट) शेजारी ठेवून एकेक नाव टिक करायचं, हजेरीचे दिवसही ताडून बघायचे. शिवाय दोघी-तिघींना मोबाइलवर उमंग या सरकारी ॲपमध्ये पीएफचं पासबुक उघडायला सांगा. पैसे जमा दिसले की मगच चेक फाडा.

ठेकेदार करारावर सही करण्याआधीच आपल्या आधीच्या एखाद्या ग्राहकाचा ईसीआर नावं झाकून दाखवतो का, तेही विचारा. टाळाटाळ करत असेल तर मला लिहा. भांडुप-कांजूरच्या बाजूला नीट काम करणारे दोघे-तिघे माहीत आहेत, त्यांची गाठ घालून देईन.